पाहुणीची खाट

मी एक जुनी घडीची खाट आहे. लोखंडी पाइपचे पाय, नायलॉनच्या पट्ट्या आणि मधोमध घडी, एवढाच माझा पसारा. मित्रांनो, खाट म्हटलं की तुम्हाला आजारी माणूस आठवतो, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यावर आजारी असं कुणी फारसं झोपलंच नाही. झोपली ती दमलेली माणसं, आणि एक अशी मुलगी जिला कुणी दमूच देत नव्हतं. तिची गोष्ट मला सांगायची आहे आणि जरा घाईनेच सांगायची आहे. कारण सध्या मी दापोडीतल्या आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, भिंतीला टेकून उभी आहे. इथे मला क्षणभरही चैन पडत नाही.

माझा जन्म भोसरीतल्या एका वेल्डिंगच्या शेडमधला. गिऱ्हाईक दारात उभं होतं, म्हणून माझा चौथा पाय घाईघाईत जोडला गेला आणि किंचित आखूड राहिला. तेव्हापासून मी डुगडुगते. स्वस्थ उभं राहणं माझ्या नशिबातच नाही म्हणा ना!

ते गिऱ्हाईक म्हणजे निरंजन आणि भैरू. दोघेही चाकणच्या एका कंपनीत कामाला लागलेले, निरंजन जालन्याकडचा आणि भैरू हिंगोलीचा. एका खोलीत ते आणि त्यांचे सोबती मिळून राहत. माणसं जास्त आणि खाट मी एकटी. पण शिफ्ट वेगवेगळ्या असल्याने माझं सगळ्यांशी जमायचं. पहिल्या शिफ्टचा उठतो न उठतो तोच तिसऱ्या शिफ्टचा दारात बूट काढत असायचा.

"ऊठ रे भावा, माझे डोळे मिटायला लागलेत," असं भैरू म्हणायचा, आणि झोपलेला माणूस आपली चादर ओढत बाजूला व्हायचा. चादर ज्याची त्याची आणि खाट सगळ्यांची, असा त्या खोलीचा कायदाच होता. माझं अंग कधी गार पडत नसे. फार सुखाचे दिवस होते ते, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

पुढे भैरूचं लग्न झालं. निरंजनने गावाहून आईला आणलं आणि दापोडीत रेल्वेच्या कडेला एक खोली घेतली; मीही त्याच्याबरोबर तिथे आले. त्याची आई म्हणजे केसरबाई. तोंडाने फटकळ आणि हाताने चपळ. तिने तिथे कामगारांचे जेवणाचे डबे करायला घेतले. मायलेक दर रविवारी चर्चला जात. एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सांगितलं, की टांझानियातल्या चर्चमधून एक तरुण मुलगी वर्षभराच्या सेवेसाठी येते आहे. चर्चने पुनावळ्यात बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवलं आहे, तिथे ती काम करील आणि आळीपाळीने आपल्या कुटुंबांमध्ये राहील. कुणाला भुर्दंड नको म्हणून तिची खाट तिच्याबरोबरच फिरेल. कुणाकडे खाट आहे का?

केसरबाईने लगेच हात वर केला. तिच्या घरी पाहुणी ठेवायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नाही, कारण खोली एकच. पण खाट मात्र तिचीच गेली. त्या दिवसापासून निरंजन जमिनीवर झोपू लागला आणि मी पाहुणीची खाट झाले.

त्या मुलीचं नाव नीमा. उंच, हसरी, केस बारीक वेण्यांत बांधलेले. तिच्या गावात केळीच्या बागा होत्या आणि घरात भावंडांचा गोतावळा होता. आल्या दिवशी तिने बॅगेतून एक रंगीत कापड काढलं आणि माझ्यावर पसरलं. मला वाटलं, चला, आता ही आणि मी कामाला लागलो.

पण कसलं काय! पहिलं घर वाकडचं. सलिल आणि सुखदा, दोघेही आयटीत. मनाने इतके चांगले, की मला त्यांचा राग धरता येत नाही. सलिलने माझ्या आखूड पायाखाली रबराचा तुकडा लावला. सुखदाने नीमाचं कापड घडी करून कपाटात ठेवलं आणि माझ्यावर नवीकोरी चादर घातली. तिच्यावरचं किमतीचं लेबल निघता निघत नव्हतं. नीमाने सकाळी चहाचा कप विसळायला घेतला, तर सुखदा धावत आली.

"अगं, राहू दे! मावशी येतील ना. तू बस आरामात."

नीमा बसली, तीही माझ्या अगदी काठावर. पाळणाघरात जायला कॅब ठरवून दिलेली, म्हणजे तिला बसची दगदग नको. पाळणाघरातल्या बायकाही तिला खुर्ची द्यायच्या, गाणं म्हणायला सांगायच्या आणि मुलांची शेंबडी नाकं मात्र स्वतःच पुसायच्या. संध्याकाळी ती परत येई तेव्हा तिचे कपडे सकाळसारखेच स्वच्छ असत. मग ती खिडकीशी उभी राही, बसे, पुन्हा उभी राही. रात्री ती सारखी कूस बदले आणि मी कुरकुरे. आम्हा दोघींचीही घुसमट सारखीच होती.

दुसरं घर पुनावळ्यातलं, मृदुलाताईंचं. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांना नीमाचा कोण अभिमान! आज या मंडळात स्वागत, उद्या त्या नातेवाइकांकडे जेवण, परवा कुणाकडे शाल आणि पुष्पगुच्छ. जेवायला नीमा एकटीच आधी बसायची. मृदुलाताई शेजारी उभ्या राहून वाढायच्या. तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात बिनतिखटाची भाजी. नीमा इंग्रजीत म्हणे, "तुम्हीही बसा ना." त्या म्हणत, "छे गं! पाहुण्याचं होण्याआधी आपण कसं जेवायचं?" आणि मायेने आणखी एक पोळी वाढत.

मित्रांनो, यात चुकीचं काय, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे पाहुण्याला काडी उचलू देत नाहीत, यालाच आपण प्रेम म्हणतो. तेही खरंच. पण ती मुलगी समुद्र ओलांडून आली होती ती हातांनी काही करायला. आणि इथे तिचे हात नुसते मांडीवर पडून होते.

एका दुपारी ती माझ्यावर बसून आईशी फोनवर बोलत होती. तिची भाषा मला येत नाही, पण रडणं सगळ्या भाषांत सारखंच असतं. फोन ठेवून ती मृदुलाताईंकडे गेली आणि म्हणाली, "मला घरी जायचं आहे. नाताळच्या आधी. माझा इथे काही उपयोग नाही." मृदुलाताईंना धक्काच बसला. आपलं काय कमी पडलं, हे त्यांना उमजेना. सलिलने जड मनाने डिसेंबरातलं तिकीट काढून दिलं.

तेवढ्यात मृदुलाताईंच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि त्यांना नाशिकला जावं लागलं. उरलेले थोडे दिवस नीमाला कुणाकडे ठेवायचं, असं पाळकसाहेबांनी चर्चमध्ये विचारलं. कुणाकडे परीक्षा होती, कुणाकडे रंगकाम चाललं होतं. शेवटी मागून केसरबाई उठली.

"माझ्याकडं राहू द्या पोरीला."

"पण केसरबाई, तुमची खोली एकच आहे."

"मग? पोरगी हाय का घोडा हाय, तिला तबेला लागायला?"

लोक हसले आणि तो विषय तिथेच संपला. टेम्पोतून मी पुन्हा दापोडीला आले. निरंजनने माझ्या आखूड पायाखालचं रबर पाहिलं आणि म्हणाला, "आयला, आपल्या खाटेला चप्पल घातली की लोकांनी!"

पहिल्याच दुपारी जे झालं ते मी कधी विसरणार नाही. नीमा पाळणाघरातून आली, तर माझ्यावर निरंजन घोरत पडलेला. ती दारातच थबकली. ही खाट फक्त तिची, असं सगळ्यांनी तिला बजावून सांगितलेलं होतं. केसरबाईने कणीक मळता मळता वर पाहिलं.

"त्याची तिसरी शिफ्ट चालू हाय. संध्याकाळी उठंल. तवर ही मेथी निवड." आणि तिने मेथीची भलीमोठी जुडी तिच्याकडे सरकवली.

नीमा जमिनीवर मांडी घालून बसली. तिच्याकडच्या पालेभाजीचे कोवळे देठही शिजवतात, त्यामुळे तिने मेथीच्या काड्या पानांसकट नीट जमवून ठेवल्या. केसरबाईचं लक्ष गेलं मात्र!

"अगं बाई! ह्या काड्या काय गुरांना घालायच्यात का? नुसतं पान घे, पान! शिकवलं न्हाई का आईनं?"

इतक्या महिन्यांत त्या मुलीवर पहिल्यांदाच कुणी ओरडलं होतं. माझ्या पट्ट्या ताणल्या गेल्या. मला वाटलं, आता ही उठून जाणार. पण नीमाने काडीकडे पाहिलं, केसरबाईकडे पाहिलं आणि ती हसू लागली. इतकी हसली की निरंजन जागा झाला. मग तिने सगळी जुडी पुन्हा पहिल्यापासून निवडली.

त्यानंतर आमचे दिवस धावू लागले. दिवसा निरंजन आणि रात्री नीमा, अशी माझी शिफ्ट लागली. निरंजनची शिफ्ट बदलली की तो समोरच्या मारुतरावांकडे झोपायला जाई. चादरी दोन आणि खाट एक, हा जुना कायदा परत आला. नीमाचं रंगीत कापडही परत आलं. ती डबे भरायला लागली, नळावर हंडा लावायला लागली, भांडी घासायची पाळी घ्यायला लागली. पाळणाघरातही तिने एक दिवस खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली आणि मुलांना आंघोळ घालायला घेतली. संध्याकाळी ती माझ्यावर अंग टाकायची ती धप्पकन! मी करकरायचे, पण ती कुरकुर निराळी होती.

पण तिकिटाची तारीख जवळ येत होती, आणि तिकिटाबद्दल नीमा काहीच बोलत नव्हती. मी मात्र नुसती डुगडुगत होते.

जाण्याच्या आदल्या रविवारी पाळकसाहेब, सलिल, सुखदा आणि नाशिकहून परतलेल्या मृदुलाताई असे सगळे निरोपाची शाल घेऊन आले. आत नाताळच्या फराळाची गडबड. माझ्यावर कपड्यांचा ढीग, त्याच्याशेजारी निरंजन पेंगत बसलेला, आणि पाहुणी जमिनीवर, कोपरापर्यंत मैद्याने माखलेली.

मृदुलाताईंचा चेहरा उतरला. "केसरबाई, अहो, पाहुणीला असं राबवायचं? आणि तिची खाटसुद्धा तिला नाही? तिकडे जाऊन काय सांगेल ती आपल्याबद्दल?"

केसरबाई पहिल्यांदाच गोंधळली. तिने हात पदराला पुसले. "मला वाटलं…" एवढंच ती म्हणाली. सुखदा हळूच म्हणाली, "नीमा, चल आमच्याकडे. शेवटचे दिवस तरी आराम कर."

नीमा उठली नाही. तिच्या हातात अर्धी दुमडलेली करंजी होती. तिने मान वर केली आणि मोडक्या मराठीत सांगितलं, "मी येत नाही. आज भांडी माझी आहे." मग करंजीची कड दाबत म्हणाली, "उद्यापण माझी. नाताळलापण."

मग केसरबाईने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मग आता उभ्याउभ्या काय बघता? बसा की! करंज्या वाळायला लागल्यात." मृदुलाताई क्षणभर घोटाळल्या. मग त्यांनी शाल माझ्यावरच्या कपड्यांच्या ढिगावर ठेवली आणि खाली बसल्या. त्यांच्यासारखी मुरड त्या घरात कुणालाच येत नव्हती. सलिल माझ्या काठावर टेकला आणि फोन काढून त्याने ते तिकीट रद्द केलं. किती माणसं बसली होती माझ्यावर! माझी एक पट्टी तुटली, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

नीमा वर्ष पुरं करून गेली. जाताना तिचं रंगीत कापड केसरबाईच्या खांद्यावर होतं आणि केसरबाई तिला रडत रडत रागावत होती.

मग माझं काय झालं? चर्चच्या मंडळींनी ठरवलं, की ही आता आठवणीची खाट, ती नीट जपली पाहिजे. केसरबाई म्हणाली, "गुंडाळून काय लोणचं घालायचंय का तिचं?" पण मंडळी मोठ्या प्रेमाने हट्टाला पेटली होती. माझी पट्टी बदलली, मला रंग दिला आणि मला प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर कागद चिकटवला, 'फक्त पाहुण्यांसाठी'. माणसं शिकतात मित्रांनो, पण विसरतातही.

कालच दाराबाहेर बोलणं ऐकलं. फिलिपिन्सहून एक मुलगा येतो आहे म्हणे. त्याच्यासाठी नवी चादर आणायची चर्चा चालली होती, आणि बिनतिखटाच्या भाजीचीही. ते ऐकून मी या भिंतीशी इतकी थरथरले, की झाडणाऱ्या बाईने दचकून मागे पाहिलं.

मित्रांनो, तुम्ही रविवारशाळेला इथे येता, या दारावरून पळत जाता. एकदा आत या. हे प्लॅस्टिक फाडा. माझ्यावर बसा, उड्या मारा, पट्टी तुटली तर तुटू दे. मला जपू नका, वापरा. आणि तो मुलगा तुमच्या घरी आला ना, की त्याला आधी पाणी द्या आणि मग मेथीची जुडी द्या.