बोटीच्या शेपटीचं रबर

बोट काठाला बांधलेली असली की आत पाण्याचा टिपूस नसायचा, आणि जलाशयात फेरी मारून आली की मागच्या बाजूला पाणी साचलेलं असायचं. दुरुस्तीनंतरचं हे कोडं मुंजाजीला काही केल्या सुटेना. उभी बोट कोरडी आणि चालती बोट ओली, म्हणजे पाणी काय वेळ बघून आत शिरतं का, असं त्यानं आश्रुबाला विचारलंसुद्धा. आश्रुबा ती बोट चालवायचा. त्यानं विडी पेटवली आणि बोट म्हातारी झाली एवढंच सांगितलं. हे मुंजाजीला आधीच ठाऊक होतं.

तसा मुंजाजी बोटीचा मिस्त्री नव्हताच. जिंतूर तालुक्यातले हापसे दुरुस्त करण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. हापसा कोरडा पडला की गावोगावच्या बाया त्याच्या मोटारसायकलीकडे डोळे लावून बसायच्या. नोकरी संपली तरी हात स्वस्थ बसेनात, म्हणून गावातलं जे काही बिघडेल ते त्याच्या ओसरीवर यायला लागलं. कुलूप, कुकर, फवारणीचा पंप, आणि शेवटी बोट.

येलदरी धरणाच्या पाण्याकाठी त्याचं गाव. तिथल्या मच्छीमार सोसायटीनं समुद्राकडच्या कुठल्याशा लिलावातून ही जुनी पांढरी बोट आणली होती. तिचं इंजिन आत, आणि पाणी कापणारा पंखा मागच्या भिंतीबाहेर लोंबणाऱ्या एका जड भागाला. गावानं त्या भागाला शेपटी म्हणायचं ठरवून टाकलं. शेपटी डावीउजवीकडे फिरते तशी बोट वळते. इंजिनाचा दांडा भिंतीतून या शेपटीत जातो आणि त्याच्याभोवती लोहाराच्या भात्यासारखं घड्या घड्यांचं जाड रबर असतं, पाणी आत येऊ नये म्हणून. ते रबर उन्हानं चिरलं होतं. सोसायटीचे चेअरमन दत्तराव म्हणाले, जन्मभर पाणी वर काढलंस, आता जरा बाहेर ठेवून दाखव.

मुंजाजीनं काम अंगावर घेतलं ते काही दत्तरावांच्या शब्दाखातर नव्हे. त्याची एकुलती एक लेक निकिता पैलतीरावरच्या गावात दिली होती. तिला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हा तिचाच हट्ट. आई नव्हती, पण मुंजाजीची थोरली बहीण मालनबाई घरात होती आणि तिनं बाळंतविडा शिवून कधीच पेटीत ठेवला होता. अडचण वाटेची होती. धरणाला वळसा घालून जाणारा रस्ता खड्ड्यांनी असा फोडलेला की डॉक्टरांनी गाडीचं नावच काढू दिलं नव्हतं. दवाखाना दोन्ही गावांपासून सारखाच लांब, त्यामुळे सासरची माणसंही अडून बसली नव्हती. जावई हरिओम गंगाखेडच्या साखर कारखान्यात कामाला. तो म्हणाला, आई म्हणेल तसं. आणि त्याची आई, कस्तुराबाई, ही तोंडानं फटकळ बाई. तिनं एकदा त्या बोटीत घोटाभर पाणी बघितलं होतं. बोट कोरडी झाली तर पोर न्या, नाहीतर बाळंतपण इथं होईल, असं तिनं फोनवर तोडून सांगितलं होतं.

नवं रबर मुंबईहून परभणीला आलं आणि तिथून एसटीनं गावात. मुंजाजीनं ते हातात घेऊन दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं, आणि माल चोख आहे म्हणाला. मग त्यानं घरात जाऊन मालनबाईची मोठी कढई मागितली. हापशाच्या आत चामड्याचं वायसर असतं. ते त्यानं आयुष्यात कधी कोरडं बसवलं नव्हतं. रात्रभर तेलात मुरवायचं, म्हणजे ते फुगतं, मऊ होतं आणि नळीला घट्ट धरतं. जी पोरं घाईघाईत कोरडं वायसर ठोकायची, त्यांचा तो चारचौघांत उद्धार करायचा. लेकीच्या बोटीला तर त्यानं कसूर कशी करावी? घरच्या करडीचं तेल कढईत ओतलं आणि रबर त्यात बुडवून ठेवलं. मालनबाईनं कपाळाला आठ्या घातल्या, पण भाचीसाठी म्हटल्यावर गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं नट सोडून शेपटी उतरवली. जुनं रबर खरवडून काढलं, ज्या कड्यावर ते बसतं ते ब्रशनं घासून चकचकीत केलं. नव्या रबराचं तेल फडक्यानं पुसलं, पंक्चरवाल्याकडचं असतं तसलं सोल्युशन लावलं, रबर चढवलं आणि वरून लोखंडी पट्टी आवळली. शेपटी परत चढवताना चार माणसं लागली. बोट पाण्यात सोडली, रात्रभर ठेवली. सकाळी आत हात फिरवला तर कोरडी ठाक. मुंजाजीची छाती फुगली. त्याच दुपारी आश्रुबानं फेरी मारली आणि बोट ओली करून आणली.

तिथून पुढं मुंजाजीचं डोकं चालेनासं झालं. त्यानं पट्टी पुन्हा आवळली. बोट काठावर ओढून आत बादल्या ओतल्या, की पाणी बाहेर येईल तिथं भोक. थेंब बाहेर आला नाही. दत्तराव म्हणाले बूड तडकलं असेल. बूड खडू लावून तपासलं, तडा नव्हता. कुणीतरी म्हणालं नारळ फोडायचा राहिला. मालनबाईनं नारळ फोडला, आणि त्या फेरीला बोट खरोखर कोरडी आली. नंतरच्या फेरीला पुन्हा पाणी. कधी कोरडी, कधी ओली. मुंजाजी जेवताना मध्येच थांबायचा. हापसा असा वागत नाही. तो बिघडतो नाहीतर चालतो. हे काय चाललंय ते त्याला समजेना, आणि समजत नाही हे कुणाला सांगवेना. दिवस तर सरत चालले होते.

त्यानं पट्टी पार मोडायच्या बेताला येईपर्यंत आवळली. आश्रुबानं जलाशयात लांबलचक वळसा घेऊन बोट आणली, ती कोरडी. पुन्हा नेली, पुन्हा कोरडी. मुंजाजीनं जास्त विचार केला नाही. खरं सांगायचं तर त्याला विचार करायची भीती वाटायला लागली होती. त्यानं कस्तुराबाईला फोन लावला आणि सकाळी येतो म्हणून सांगितलं.

सकाळी बोट सरळ रेषेत पैलतीराकडे निघाली. मुंजाजी मागं तळावरची फळी उघडून बसला होता आणि खाली नुसतं कोरडं दिसत होतं. त्याच्या मनात आलं, आपलं कोडं सुटलं नाही तर नाही, मिटलं तर खरं. पलीकडच्या काठाशी बुडालेल्या बाभळींची खोडं होती. त्यांच्यामधून आश्रुबानं बोट करकचून वळवली आणि काठाला लावली.

निकिता पिशवी घेऊन उभीच होती. कस्तुराबाईनं वाकून बोटीत नजर टाकली, फळ्या कोरड्या दिसल्या, तेव्हा तिनं सुनेचा हात सोडला. निकिता जपून चढली आणि बापाशेजारी मागच्या बाकावर टेकली. बसल्या बसल्या तिनं नाक वर केलं. पोटुशी बाईचं नाक, त्याला सगळंच आधी कळतं.

"बाबा, बोटीत करडीच्या तेलाचा वास कामून यायलाय?"

ती हसून म्हणाली. मुंजाजी हसला नाही. त्यानं फळी पुन्हा उचलली. आत्तापर्यंत कोरड्या असलेल्या बुडात पाणी हलत होतं आणि त्यावर तेलाचा तवंग होता. त्यानं भिंतीपाशी हात घातला. रबराची कड कड्यावरून एका बाजूला सरकली होती. सोल्युशन धरलेलंच नव्हतं; ते शेंबडासारखं बोटाला आलं, तेलात कालवलेलं. तेल पिऊन मऊ झालेलं रबर नुसत्या पट्टीच्या जोरावर टिकून होतं. बोट सरळ जाईतो ठीक. शेपटी जोरात वळली की रबर ताणायचं आणि कड सुटायची. इतके दिवस जे कळत नव्हतं ते आता लख्ख कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. बाकी कशात चूक नव्हती. जे काम तो जन्मभर अभिमानानं करत आला, तेवढंच चुकलं होतं.

आश्रुबानं वाकून बघितलं आणि हळूच सांगितलं, की मी सरळच नेतो, तुम्ही डबा घेऊन उपसा, पल्ला कितीसा आहे. मुंजाजीला ते पटावंसं फार वाटलं. काठावर कुणाला काही दिसलं नव्हतं. गावाकडे मालनबाई पाणी तापवून वाट बघत होती. पण इथून निघायचं तर त्याच खोडांमधून पुन्हा करकचून वळायचं होतं, आणि पुढं मधोमध जुन्या नदीचं पात्र होतं, जिथं बांबू तळाला टेकत नाही. लेक पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत होती. तिला माहेरचा काठ दिसत होता.

"निकिता, उतर माय," तो म्हणाला.

तिला वाटलं बाबा चेष्टा करतात. त्यानं पुन्हा सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. कंबरेएवढं पाणी आलं तरी मी येणार, म्हणाली. मग रडायला लागली. मुंजाजीनं तिला धरून काठावर उतरवलं आणि कस्तुराबाईसमोर उभा राहिला. हात तेलानं माखलेले, ते कुठं ठेवावेत हे त्याला सुचेना.

"ईनबाई, रबर म्याच नासवलं. तेलात भिजवलं. बोट मधीच दगा देईल. पोरगी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

आता ही बाई आपल्याला फाडून खाणार, अशी त्यानं मनाची तयारी केली. कस्तुराबाईनं बोटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिनं वाकून निकिताची पिशवी उचलली.

"इवाई, तुमी मंग इथंच ऱ्हावा," ती म्हणाली. "मालनबाईला गाडीनं बोलवून घ्या. तिला कुठं नववा लागलाय. पोरीला आपली माणसं पाह्यजेत, माणसंच हिकडं आली तर काय बिघडतंय."

मुंजाजीच्या घराण्यात लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नसतं. त्याच्या बापानं ते पाळलं होतं, आजानं पाळलं होतं. लग्नानंतर तो जेव्हा जेव्हा इकडे आला, तेव्हा उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलला आणि कोरड्या घशानं परत गेला. त्यानं तसं सांगायला तोंड उघडलं. निकितानं डोळे पुसत त्याचा तेलकट हात धरला आणि ती चढावर चालायला लागली. तिला धाप लागत होती, म्हणून त्यालाही सावकाश चालावं लागलं.

दुपारी कस्तुराबाईनं ओसरीवर ताट आणून ठेवलं. ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा, तांब्याभर पाणी. मुंजाजी ताटाकडे बघत राहिला. हे बरोबर की चूक, त्याला काही ठरवता येईना. बाप असता तर काय म्हणाला असता, ते मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. समोर निकिता खांबाला टेकून बसली होती. तिचे हुंदके अजून थांबले नव्हते.

मुंजाजी आधी पाणी प्यायला. मग त्यानं भाकरी मोडली.