सल्ला द्यायचा नाही

हुइयाने खुर्ची गोलात ओढली आणि बसायच्या आतच बोलून टाकलं.

"आज मी बोलते. माझ्या हाताखालच्या लुपेला पुढच्या हंगामात रात्रपाळीची सुपरवायझर करायचं ठरत होतं. मी नको म्हणणार आहे. संध्याकाळी मॅनेजरला सांगायचंय."

न्यूझीलंडमधल्या हेस्टिंग्जच्या त्या सफरचंदांच्या शेडमधले पाचही सुपरवायझर महिन्यातून एकदा कँटीनमध्ये असे गोल करून बसत. माणसं सांभाळायला शिकावं म्हणून कंपनीने हे गट-कोचिंग सुरू केलं होतं. एकाने आपली अडचण मांडायची, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही.

"काय बिनसलं?" कोच ब्रोन्विनने विचारलं.

"कामचुकार झालीय. खोकी उचलत नाही. मध्येच गायब होते. एवढ्या उकाड्यात कोल्ड स्टोरेजचा जाडजूड कोट घालून फिरते."

"इतरांशी कशी वागते?" कोणीतरी विचारलं.

"खिदळते. मी आले की गप्प. सगळं मीच शिकवलं तिला. जुलैत मी घरी होते तेव्हा माझं काम तिनेच ओढलं. आता माझ्यासमोर डबासुद्धा उघडत नाही."

जुलै म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. तिकडच्या त्या जुलैच्या हिवाळ्यात हुइयाचं बाळ जन्मलं, ते रडलंच नाही. टेकडीवर, तिच्या कुळातली माणसं जिथे पुरली आहेत तिथे, हे सगळे आले होते. तिला कवटाळून रडले होते. त्यानंतर तिच्यादेखत कोणी मुलाबाळांचा विषय काढला नव्हता.

कोल्ड स्टोरेजचा म्हातारा कॉलिन खाकरला. "हे बघ पोरी, तू असं कर..."

"कॉलिन, प्रश्न," ब्रोन्विन म्हणाली.

"प्रश्नच विचारतोय, बाई. माझी गाडी सुरू व्हायला वेळ लागतो."

एकदोघं हसले. कॉलिन हसला नाही. हुइयाकडे न बघता तो हळूच म्हणाला, "समज, एखादीकडे आनंदाची बातमी आहे. आणि ती ऐकून सगळ्यांत जास्त तुलाच लागेल, अशी तिला भीती आहे. तिने तुला कसं सांगावं?"

हुइयाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांना ठाऊक होतं.

"कितवा महिना?"

"मी काही सांगितलेलं नाही," कॉलिन म्हणाला. "तिला तसा शब्द दिलाय. मी नुसतं विचारलं."

हुइया उठून शेडमध्ये गेली. लुपे सफरचंदं वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी होती. हुइयाला येताना पाहून ती पोटापुढे हात धरून मागे सरली.

"पुढच्या हंगामात माझी दिवसपाळी तू घे," हुइया म्हणाली. "रात्रीचं मी बघते. जा, बस जरा."

"हुइया, मला तुला..."

"कळलंय गं."

"सॉरी."

"असं म्हणू नये. पोटातल्याला ऐकू जातं."

लुपे तोंड झाकून बाकावर जाऊन बसली. हुइया तिच्या जागी उभी राहिली आणि पट्ट्यावरची डागाळलेली सफरचंदं वेचायला लागली. किती तरी फळं समोरून गेली. तिला एकही डाग दिसेना.