दोन शब्दांची अदलाबदल

घड्याळजींनी उभं आयुष्य भिंगातून चाकं न्याहाळण्यात घालवलं, त्यामुळे बारीकशी चूकही आपल्या नजरेतून सुटत नाही, असा त्यांचा ठाम समज होता. घड्याळांपुरता तो खराही होता. इंग्रजीच्या बाबतीत मात्र सगळा आनंदच होता.

इंग्रजीशी गाठ पडली ती सुनेमुळे. तिची भाषा वेगळी, यांची वेगळी, आणि दुभाष्याचं काम करणारा मुलगा नोकरीपायी सहा-सहा महिने जहाजावर. म्हणून घड्याळजी एका वहीत इंग्रजी वाक्प्रचार उतरवून पाठ करत. सूनही जमेल तसं मराठी बोले. दोघांचा निम्मा वेळ हसण्यातच जाई.

मग जिन्यावरून पडून तिचा गुडघा मोडला. नवरा समुद्रात, आईवडील लांब. शस्त्रक्रियेआधीचे चार दिवस घड्याळजी तिच्या उशाशी बसून होते. कधीही विचारा, ‘आय अ‍ॅम फाइन’ हे ठरलेलं उत्तर. पोरगी धीराची आहे, असं त्यांना वाटलं. तरी शस्त्रक्रियेला जाताना तिला एकटं वाटू नये म्हणून त्यांनी वहीतलं एक वाक्य घोकून ठेवलं: ‘आय विल सी यू थ्रू.’ म्हणजे, तू यातून पार पडेपर्यंत मी सोबत आहे.

सकाळी तिला चाकांच्या खाटेवर घेतलं. घड्याळजींनी तिचा हात धरला, घसा खाकरला, आणि ऐन वेळी एक शब्द गिळून दोन उलटे बसवले.

“आय सी थ्रू यू.”

सून त्यांच्याकडे बघतच राहिली आणि मग हमसून हमसून रडू लागली. तुम्हाला कसं कळलं, असं विचारत राहिली. चार दिवस ती मनातून घाबरलेली होती. भूल दिल्यावर आपण जागेच झालो नाही तर? पण बाबांना घोर नको, म्हणून ती फाइन म्हणत होती.

घड्याळजी गोंधळले. शेजारच्या नर्सबाईंनी हसू दाबत त्यांच्या कानात सांगितलं, “काका, तुझं सोंग मी ओळखलंय, असं म्हणालात तुम्ही.”

ते मनातून फार खजील झाले. हाताच्या अंतरावरची भीती त्यांना दिसली नव्हती. आता इंग्रजी गेली खड्ड्यात, असं म्हणून ते सरळ मराठीत बोलले.

“मला काही कळलं नव्हतं गं. शब्द चुकले माझे. मी इथेच आहे, एवढंच सांगायचं होतं.”

तेवढं तिला समजलं. तिने डोळे पुसले, शब्दाला शब्द जुळवला आणि त्यांचा हात घट्ट दाबून म्हणाली, “बाबा, मी तुमच्या जिवावर उठणार.”

खाट ढकलणारा जागीच थांबला. नर्सबाई दुरुस्ती सांगायला पुढे झाल्या, पण घड्याळजींनी मान हलवून त्यांना गप्प केलं.

“ऊठ बाळा,” ते म्हणाले. “खुशाल ऊठ.”