मी कादंबरी, हल्ली मुक्काम दिशाच्या घरी

मी एक कादंबरी. जाडजूड आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. माझ्या पोटात जर्मनीतलं एक अख्खं शहर आहे. हिटलरच्या राज्यात तिथल्या ज्यू लोकांचं काय झालं, ते मी सांगते. माझ्यातली माणसं कल्पनेतली, पण त्यांच्यावर आलेला काळ खरा. साठ लाख ज्यू मारले गेले त्या काळात. वेळ घालवायला वाचायचं पुस्तक मी नव्हे.

पुण्यात छापली गेले आणि पोलादपूरच्या एका कॉलेजच्या वाचनालयात येऊन पडले. शेजार कुणाचा, तर एका बाजूला कुक्कुटपालन, दुसऱ्या बाजूला पोलीस भरतीचं गाईड. त्या गाईडला काय मागणी! मला एकदा ओम नावाच्या पोराने नेलं, रणगाडे असतील या आशेने. दुसऱ्याच दिवशी टेबलावर आपटून म्हणाला, "लढाई कुठाय हिच्यात? नुसती माणसं बोलतायत." अरे बाबा, बोलत होती तोवरच ठीक होतं ना! पण सांगणार कुणाला? पावसाळ्यात खिडकी वाजू नये म्हणून मला फटीत खोचायचे, तेवढाच माझा उपयोग.

माझं नशीब उघडलं आम्रपाली मॅडममुळे. त्या मराठी शिकवतात. एक कादंबरी वाचायची आणि वर्गासमोर तिच्याबद्दल मनापासून बोलायचं, असं त्यांनी पोरांना सांगितलं. पोरं बारीक पुस्तकांवर तुटून पडली. तेजश्री उशिरा आली, तोवर उरले होते मी. "हीच ऱ्हायली?" म्हणत तिने मला पिशवीत कोंबलं. मला राग आला, पण गेले मुकाट.

तेजश्रीचं गाव आंबेनळीच्या रस्त्याला. एसटीत पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट खटकली. तिच्याच गावची, तिच्याच वर्गातली दिशा पुढच्या सीटवर होती. दोघी एकाच थांब्यावर उतरल्या, एकाच वाटेने चालल्या, आणि एक अक्षर नाही. मागून कळलं. दिशाच्या वडिलांचं, अनिलचं, शेजारच्या शेतकऱ्याशी बांधावरून भांडण झालं होतं. गावकीला न विचारता तो थेट कोर्टात गेला, म्हणून गावकीने ते घर वाळीत टाकलं. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांचं दळण दळायचं नाही, त्यांच्या दारी पालखी न्यायची नाही. जो बोलेल त्याला दंड. कायद्याने हा गुन्हा आहे म्हणे, पण गावात कायदा एसटीसारखा, आला तर आला. आणि गावकीचा पुढारी कोण? तेजश्रीचा बाप, महादू.

सुरुवातीला तेजश्री जांभया देत वाचत होती. मी म्हटलं, दे बाई, रूथ भेटायची आहे तुला अजून. रूथ ज्यू. लीना तिची जिवाभावाची मैत्रीण, पण ज्यू नव्हे. ज्यूंच्या दुकानात जाऊ नका, असं सरकारचे लोक सांगू लागतात. मग एके दिवशी रूथ समोरून येते आणि लीना चटकन दुकानाच्या काचेकडे तोंड फिरवते. त्या पानावर तेजश्री थांबली. पुढे जाईना, मागे येईना. पोर हमसून हमसून रडली आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. कुणीतरी मला वाचलं होतं.

"काय झालं गो?" महादूने विचारलं. तिने त्याला ते पान सांगितलं.

"त्यांच्या गावकीनं ठरवलं असंल," तो म्हणाला.

"गावकी नाय बाबा, सरकार."

"मंग चूक सरकारची."

"आनि लीनाची नाय?"

महादू उठून गोठ्याकडे गेला. अडचणीचा प्रश्न आला की माणसाला गुरं आठवतात.

बोलायचा दिवस आला. दिशा मागच्या बाकावर होती. तेजश्री मला छातीशी धरून उभी राहिली.

"या कादंबरीत ज्यूंना मारायच्या छावण्या शेवटी येतात," ती म्हणाली. "आधी नुसतं बोलणं बंद होतं. मला तेच वाचवेना. आमच्या गावात एक घर वाळीत आहे. त्या घरातली मुलगी माझी मैत्रीण होती. आणि मी तोंड फिरवते."

ओम उठला. "काय पण! कुठं हिटलर, कुठं आपला गाव!"

"बरोबर आहे. तिथे लाखो माणसं मारली. हे आणि ते एकच, असं म्हटलं तर मेलेल्यांचा अपमान होईल. पण लीनाने तोंड फिरवलं तेव्हा तिच्या डोक्याला कुणी बंदूक लावली नव्हती. माझ्याही नाही."

शाब्बास गो पोरी! माझ्या पाठीवर मोठमोठ्यांचे अभिप्राय छापलेत, पण इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

टाळ्या पडल्या. दिशाने वाजवल्या नाहीत. बाहेर तेजश्री तिच्यासमोर गेली, तर ती म्हणाली, "हितं बोलायला काय जातंय? हितं गावकी नाय. गावात बोल." आणि मला तिच्या हातातून ओढून घेतलं. "ही दे. रूथचं पुढं काय होतं ते बघायचंय मला."

अशी मी वाळीत पडलेल्या घरात राहायला आले.

शिमग्याला सोमजाईची पालखी घरोघर फिरते. दारात आली की घरच्या बाईने देवीची ओटी भरायची, त्याशिवाय पालखी हलत नाही. मुंबईकर मंडळी आली होती, ढोल दणाणत होते. अनिलच्या अंगणात रांगोळी काढलेली होती, तरी पालखी सरळ पुढे निघाली. दिशा दारात मला घट्ट धरून उभी होती.

तेवढ्यात गर्दीतून तेजश्री बाहेर पडली आणि आमच्या अंगणात आली. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी तिने हाक मारली, "दिशा, पानी दे गो. तहान लागलीय."

ढोल थांबले.

"तेजे, घरी चल!" महादू ओरडला. "आपल्याच घराला दंड बसंल!"

"बसू दे."

दिशाने तांब्या आणला. तेजश्री घटाघटा प्याली. महादूने मान फिरवली आणि पालखी पुढे काढली. ती त्याच्याच दारात थांबली, तर दारात कुणी नाही! तेजश्रीची आई ओटीचं ताट घेऊन मागच्या वाटेने आमच्याकडे येऊन बसली होती. बोलावणं आलं, तर म्हणाली, "लेक माझी हितं हाय. देवीची ओटी मी हितंच भरनार. पालखी हितं आना."

पालखीवाले खांदे बदलत ताटकळले. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "देवीला तिष्ठत ठेवू नको रे." पालखी वळली. महादू खाली मान घालून पुढे चालत आमच्या अंगणात आला आणि म्हणाला, "अनिल, जरा सर. पालखी टेकू दे."

वाळीत टाकल्यापासून गावातल्या बाप्याने अनिलशी बोललेला तो पहिला शब्द. अनिल बाजूला झाला आणि ढसाढसा रडला.

मी अजून इथेच आहे. बांधाचं भांडण सुटलेलं नाही, काही घरं अजून गप्प आहेत. पण दळण दळून येतं. दिशा मला वाचते, तेजश्री शेजारी बसून पुढचं आधीच सांगायला बघते आणि रपाटा खाते. माझी पाठ ढिली झालीय, पानांना कुंकवाची बोटं लागलीत. लागू देत. वाचनालयाने मला इतक्यात परत मागू नये.

तुम्हीही मला वाचा, ही विनंती आहेच. पण तुमच्या गावात असं एखादं दार असेल, तर आधी तिथे जाऊन पाणी मागा. मी थांबते.