काल्याचा पाट

सप्ताहात खंडेरावांनी वीणा घेतली तेव्हा सगळ्या कॉलनीला भरून आलं, एका उज्वलाबाईंना सोडून.

वीणेकऱ्याला बसता येत नाही. वीणा गळ्यात आहे तोवर उभंच राहायचं, हे लहान पोरालाही ठाऊक. म्हणून तरुण गडीही आपली पाळी आली की घेतात आणि संपली की दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. खंडेराव मात्र रोज नेमके कीर्तनाच्याच वेळी पुढे व्हायचे. "द्या इकडे, मी घेतो," म्हणायचे आणि महाराज नमनाला उभे राहिल्यापासून आरतीपर्यंत खांबापाशी ताठ उभे. मंडळाचे नाथाभाऊ तर म्हणाले, "वहिनी, निष्ठा बघा खंडेरावांची. प्रेसमधून रिटायर झाल्यावर माणूस आराम शोधतो."

उज्वलाबाई हसल्या. पण त्यांचं लक्ष निरूपणात लागेना. लग्नापासून हा माणूस कीर्तनात मांडी ठोकून पहिल्या रांगेत बसत आला. विनोद झाला की मागे वळून बायकांमध्ये आपली बायको हसली का ते बघायचा. आता वळून बघणं नाही, बसणं नाही. घरीसुद्धा चहा उभ्यानेच. विचारलं तर म्हणे, "डॉक्टरांनी सांगितलंय, जास्त बसायचं नाही."

डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून व्यायाम सांगितला होता, एवढं बाईंना माहीत होतं. त्या निमित्ताने दिवाळीनंतर गिअरची सायकल घरी आली होती. तिची ती काकडीसारखी निमुळती सीट बघून त्या तेव्हाच म्हणाल्या होत्या, "या वयात यावर बसणार? आठ दिवसांत रडत याल." त्यावर खंडेराव म्हणाले होते, "रडत आलो तर नाव बदलीन." ते काही रडत आले नाहीत. उलट सायकल काढून रोज दुपारी कुठेतरी जायला लागले. जाताना गप्प, येताना त्याहून गप्प.

आणि मग शेजारची मोहिनी धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "काकू, काका तुमच्यासाठी सायकल घेतायत का?"

"का गं?"

"नाही, बिटको चौकाच्या मागच्या गल्लीत दिसले. हातात लेडीज सायकलची सीट. अशी दाबून दाबून बघत होते."

उज्वलाबाईंना सायकल येत नव्हती. हे खंडेरावांना चांगलं माहीत होतं.

दुपारी ते बाहेर पडल्यावर बाईंनी घर धुंडाळलं. शिलाई मशिनच्या मागे पिशवी होती. पिशवीत खरंच एक रुंद, गुबगुबीत, स्प्रिंगवाली सीट. लेडीज. आणि तिच्याखाली जे निघालं ते बघून त्या दोन पावलं मागेच सरल्या. द्राक्षांच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा, त्यावर गुलाल फासलेला, आणि गुलालात शेजारी शेजारी दोन गोल खळगे.

बाई कीर्तनातल्या. करणी-भानामतीवर विश्वास ठेवू नका, हे त्यांनी दर सप्ताहात ऐकलं होतं आणि माना डोलावल्या होत्या. पण मान डोलावणं वेगळं आणि आपल्या मशिनच्या मागे गुलाल सापडणं वेगळं. त्यांनी सांडशी आणली, पुठ्ठा सांडशीत धरला आणि हात लांब करून अंगणात तुळशीच्या आड नेऊन ठेवला. वर विठ्ठलाचं नाव घेतलं. सायकल शिकणारी कोण असेल, हेही मनात एकदा सगळ्या कॉलनीवरून फिरवून आणलं. कोणावरच ठरेना, म्हणून सगळ्यांवरच राहिलं.

त्यातही त्यांनी धीर धरला असता. पण संध्याकाळी नाथाभाऊ दारात आले. "रामकृष्ण हरी. काल्याच्या दिवशीच्या ग्रंथपूजेचा मान यंदा तुम्हा जोडप्याला. पूजा करायची आणि कीर्तन संपेस्तोवर पुढे पाटावर जोडीने बसायचं."

किती वर्षं बाई हा पाट लांबून बघत होत्या. दरवर्षी दुसऱ्या कुणाच्या गाठ मारलेल्या उपरण्याकडे बघून हात जोडत होत्या. त्या काही बोलायच्या आत खंडेराव म्हणाले, "भाऊ, यंदा दुसऱ्या जोडप्याला द्या. आमचं नको."

नाथाभाऊ बाईंकडे बघत राहिले. बाई जमिनीकडे.

"उद्यापर्यंत सांगा," म्हणून भाऊ निघाले.

त्या रात्री घरात भांड्यांशिवाय कुणी बोललं नाही. नवऱ्याला आपल्या शेजारी बसायचं नाही, एवढंच बाईंच्या डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खंडेराव पिशवी शोधून, ती तिथेच आहे बघून, घेऊन निघाले. पुठ्ठा नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मशिनखाली वाकून बराच वेळ चाचपत होते. ते वळणावर गेले तशा बाईंनी चपला सरकवल्या आणि रिक्षाला हात केला.

"त्या सायकलच्या मागे घे. पण फार जवळ नको."

रिक्षावाल्याने आरशातून एकदा त्यांच्याकडे, एकदा सायकलकडे बघितलं. "मावशी, ते काका पॅडलवर उभे राहूनच चालवतायत. सीटवर बसतच नाहीत."

बाईंनी नीट बघितलं. खरंच.

बिटकोच्या मागच्या गल्लीत सायकलचं दुकान होतं. बाई दाराआड थांबल्या. आत कोणी बाई दिसेना. पुढारी दिसावा तसे भारदस्त खंडेराव एका स्टुलावर बसले होते, खाली द्राक्षाच्या खोक्याचा नवा पुठ्ठा, वर गुलाल. डोळे मिटलेले, हात गुडघ्यावर. दुकानदार पोरगेलासा, मयूर नावाचा, खाली वाकून म्हणत होता, "काका, पाय जरा वर घ्या. पूर्ण वजन सोडा. हां. आता सावकाश उठा."

खंडेराव उठले. पुठ्ठ्यात दोन खळगे.

"बघा," मयूर सुतळीने अंतर मोजत म्हणाला, "गुलालात ठसा उठलाय, ही तुमची बुडाची हाडं. यांच्यामधलं अंतर सीटला जुळायला हवं. तुमच्या सायकलची सीट फारच अरुंद, ती हाडांच्या मधेच रुतते. लेडीज सीट फारच रुंद, ती मांड्यांना घासते. पण काका, आधीचा पुठ्ठा हरवला कसा? मापाला तोच नेत होता ना सगळीकडे?"

"तो माझ्या तुळशीपाशी आहे," दारातून आवाज आला.

खंडेराव वळले. त्यांच्या लेंग्याची मागची बाजू गुलालाने लाल झाली होती.

बाईंना हसू येत होतं, पण संशय अजून पुरता गेला नव्हता. "ही लेडीज सीट कोणाची?"

"माझीच."

"आणि पूजेला का नाही बसायचं?"

खंडेरावांनी मयूरकडे बघितलं. मयूरला एकदम आतलं काहीतरी काम आठवलं.

"फोड आलाय गं," ते हळू आवाजात म्हणाले. "बसवत नाही. पाटावर दोन तास कसा काढू? काल्याच्या कीर्तनातून मधेच उठलो तर चारचौघांत तुझी मान खाली. त्यापेक्षा नकोच म्हटलं."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तू म्हणाली असतीस, मी सांगत होते."

"म्हणालेच असते," बाई म्हणाल्या. "आताही म्हणतेय. मी सांगत होते."

मयूरने मापाची सीट आणून बसवली, ना निमुळती ना गुबगुबीत. पण फोड बरा होईस्तोवर बसायचं नाही, असं बजावलं. बाई तिथूनच रिक्षाने नाथाभाऊंकडे गेल्या आणि पाट आमचाच म्हणून सांगून आल्या.

घरी येऊन त्यांनी तुळशीआडचा पुठ्ठा हातानेच उचलला. जुन्या गोधडीच्या घड्या घालून, त्या दोन खळग्यांचं माप बघून, तिथे दाब नको म्हणून तेवढ्या चिंध्या काढून त्यांनी एक आसन शिवलं. कापड लाल घेतलं. पुठ्ठा ठेवल्याने गोधडीला गुलाल लागलाच होता, तो दिसू नये म्हणून.

काल्याच्या दिवशी दोघं जोडीने पाटावर बसले, खंडेराव आसनावर, बाई घोंगडीच्या घडीवर. पूजा झाली, महाराज उभे राहिले, टाळ-मृदंग लागला. हंडी फुटायच्या आधीच्या अभंगाला खंडेरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"लागतंय का?" बाईंनी पदराआडून विचारलं.

"नाही गं. कीर्तन फार चढलंय."

बाईंनी थोडा वेळ त्यांच्याकडे तिरकं बघितलं. मग कोणाला दिसणार नाही अशी आपल्या खालची घोंगडीची घडी ओढून काढली आणि हळूच त्यांच्या बाजूला सरकवली.

खंडेरावांनी ती आसनाखाली सारून घेतली.