रक्त गाळणारं बोट

चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी गवंडी ओला चुना कालवून थांबला होता. संताच्या बोटातून रक्त पाझरलं, की सरदार गोसेल्मच्या बायकोला, एलिसेंटला, जिवंत भिंतीत चिणायचं ठरलं होतं.

गोसेल्म सात वर्षं धर्मयुद्धावर होता. परतला तो एक डोळा गमावून, सोबत फादर ओडो आणि त्याची काचेची कुपी घेऊन. कुपीत संताचं बोट, बोटावर सुकलेलं रक्त. समोरचा खोटं बोलला की ते वाहू लागतं, असं ओडो सांगे. बायको इमानी राहिली नाही, हेही त्यानेच कानात घातलं होतं. सरदाराला मूलबाळ नव्हतं. ती गेली की सरदाराच्या मागे जमीन ओडोच्या मठाची.

ओडोने आधी स्वयंपाकिणीला शपथ घातली. कुपी थंड दगडावर होती. बोट कोरडं राहिलं. एलिसेंटच्या वेळी मात्र त्याने ती मुठीत घेतली, मेणबत्त्यांपाशी उभा राहिला आणि झाडून सगळ्या देवदूतांना हाका मारल्या. एकाला सोडलं नाही. बोटावरून लाल ओघळ उतरला. लोकांनी गुडघे टेकले. गवंड्याने थापी उचलली.

"सरकार, कुपी जरा मला द्या," रंगारीण राइमोंद म्हणाली. लोकर रंगवून रंगवून म्हातारीची नखं कायमची निळी झाली होती.

गोसेल्मने दिली. त्याला खात्री होती.

तिने बूच काढून दोन थेंब पाण्याच्या भांड्यात सोडले. ते वर तरंगत राहिले.

"रक्त पाण्यात मिसळतं, सरकार. ही चरबी आहे, रतनजोत घालून लाल केलेली. ऊब लागली की वितळते."

संत कोपतील, असं ओडो पुटपुटला.

"कोपू देत. आधीच नऊ बोटांवर आलेत बिचारे."

तिने कुपी दगडावर ठेवली. ओघळ थिजला. मग ती सरदाराच्या मुठीत दिली. थोड्या वेळाने त्याने मूठ उघडली, तर त्याच्यासमोरही बोट वाहत होतं.

सुटकेचा आनंद एलिसेंटच्या चेहऱ्यावर दिसला नाही.

"अहो, तिकडे युद्धावर ही कुणाकुणासमोर धरलीत?"

तिकडे उन्हात दगडसुद्धा भाजायचे. कैदी रांगेने यायचे, बाया, म्हातारे. आमच्यापाशी हत्यार नाही, म्हणायचे. बोट प्रत्येकासमोर वाहिलं होतं. तलवार गोसेल्मची होती.

"सगळ्यांसमोर. दिवसभर," तो म्हणाला.

लोकहो, चमत्कार दिसला तर गुडघे टेकण्याआधी तो सावलीत नेऊन पाहा. थंड दगडावर ठेवून पाहा. फार कष्ट नाहीत त्यात. गोसेल्मने ते सात वर्षांत एकदाही केलं नाही.