गोळीतलं भोक

घड्याळं दुरुस्त करणारे काका बायकोबरोबर माझ्या औषधांच्या दुकानात आले आणि त्यांनी काउंटरवर एक काचेची डबी ठेवली. आत बीपीची गोळी होती, सबंध.

"दुसऱ्या कंपनीची द्या," ते म्हणाले. "ही तीन आठवड्यांपूर्वी गिळली, दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी बाहेर. धुऊन ठेवलीये."

वीस वर्षं औषधं विकतेय, पण असला नजराणा पहिलाच. मी पेनाच्या टोकाने डबी लांब सारली.

"ते राहू दे. यांना चक्कर का येते ते सांग," काकू म्हणाल्या. "पंधरा दिवसांत दोनदा कामाच्या टेबलावर कोसळले. पोट रिकामं असेल म्हणून दुप्पट नाश्ता घातला, तर नुसतं पोट सुटलं. आता एक तारखेपासून दुकान बंद."

चाळीस वर्षांचं दुकान गेल्यावर हा माणूस घरात बसून काय करणार?

"त्या दिवसापासून गोळी घेताच का?" मी विचारलं.

"घेतो की. खलबत्त्यात कुटून. आता कशी बाहेर येते बघू."

माझं डोकंच फिरलं. "काका, चोवीस तासांचं औषध तुम्ही एका दमात पोटात घालताय. चक्कर नाही येणार तर काय?"

पटलं तर ते काका कसले. मग मी नवी गोळी पुढे केली. "डोळ्याला भिंग लावून बघा."

त्यांनी खिशातलं भिंग लावलं. "भोक आहे. केसाएवढं."

"कवचातून आत पाणी झिरपतं, खालचा थर फुगतो आणि औषध त्या भोकातून थोडं थोडं बाहेर ढकलतो. जेवणाने फारसा फरक पडत नाही. शेवटी बाहेर पडतं ते रिकामं कवच."

काका बराच वेळ बघत राहिले. "घड्याळच आहे की हे," ते हळूच म्हणाले. "आणि मी ते बत्त्याने फोडत होतो." घड्याळ आपटणाऱ्या गिऱ्हाइकांवर खेकसणारा माणूस, खरोखरच ओशाळला.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी काकांची खरडपट्टी काढली आणि गोळी सबंध गिळून आठवडाभर रोज बीपी तपासायला सांगितलं.

आठ दिवसांनी दोघं पुन्हा आले. चक्कर एकदाही आली नव्हती, बीपीही ठीक होतं.

"दुकान चालू ठेवा," काकू म्हणाल्या. "पण गोळी माझ्यासमोर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं."

काकांनी चार गिऱ्हाइकांदेखत तिथल्या तिथे आ केला.

"जीभ वर करा," काकू म्हणाल्या.